जॉबर विचारतो

डॉक्टर, इंग्रजी नाव नको, मला माप सांगा,
असं म्हणालो मी हत्तुरे डॉक्टरांना.
चौतीस वर्षं अशोक चौकाच्या मागल्या शेडांत
माग खोललेत, लावलेत, परत खोललेत.
गल्लीच्या तोंडावरनंच ऐकून सांगतो
कुठल्या बुशला प्ले आलाय.
सत्तम्माचा डावा गुडघाही मीच आधी ऐकला,
रात्री ती पाणी प्यायला उठली तेव्हा.
कोरडा आवाज. ग्रीस संपल्याचा.
झोपा की ओ, म्हणाली,
दिसेल तिथं मशीन ऐकताय.

रोज हजार विड्या, मांडी घालून.
मांडीवर सूप, सुपात पानं, बोटांत दोरा,
आणि खाली चाळीस वर्षं दुमडलेला गुडघा,
ज्याची मजुरी कुठल्याच कार्डावर चढली नाही.

डॉक्टरांनी ड्रॉवर उघडून नमुना हातात दिला.
वर कोबाल्ट-क्रोमियम, तोंड दिसेल असं घासलेलं,
खाली टायटॅनियमची बैठक,
मधे पांढरं प्लास्टिक.
नख दाबून बघितलं.
प्लास्टिक?
पूर्वी तेच झिजायचं, म्हणाले,
बारीक कीस पडायचा आत,
त्या किसावर शरीर चिडायचं, हाड खायचं,
आणि बैठक सैल.
आता किरण मारून
त्याच्या धाग्याधाग्याला आडवी गाठ घालतात.
म्हणजे नुसता ताणा होता, म्हटलं,
आता बाणा भरला.
डॉक्टर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले.
मग म्हणाले, हे मी आता दुसऱ्यांनाही सांगणार.

साइजही पूर्वी मोजकेच, परदेशी हाडांवर बेतलेले,
आपल्या बायकांना कडेनं बाहेर यायचे.
दुसऱ्या कंपनीचा पार्ट ठोकून बसवल्यागत.
आता अरुंदही मिळतात.
पडद्यावर सत्तम्माचं हाड निळं होऊन फिरत होतं.
कापणारा यंत्राचा हात
रेषेपुढं गेला की आपोआप थांबतो, म्हणाले.
ते थांबणं माझ्या हाताला यायला
अकरा वर्षं लागली
आणि एका बोटाचं पेर.

कापलेलं हाड दाखवा, असा हट्ट धरला मी.
नर्सनं ट्रे पुढं केला, तोंड फिरवून.
मधोमध रुपयाएवढी जागा
हस्तिदंतासारखी चकाकत होती.
ती चकाकी मी ओळखतो.
एकाच जागी वर्षानुवर्षं घासलेल्या लोखंडाला येते.
शेडमधे असला पार्ट मी कपाळाला लावून
मगच भंगारात टाकतो.
इथं ते पिवळ्या पिशवीत गेलं,
आणि माझे हात मोकळेच राहिले.

त्याच महिन्यात शेठनं रेपिअर माग आणले.
धोटा नाही, खटखट नाही.
जुने चार किलोवर गेले.
एकाच्या फळ्या मी मागून घेतल्या,
उंच टेबल केलं, कारण आता मांडी घालायची नाही.
खुर्चीत बसून ती विड्या वळते.
शेजारची अंबव्वा म्हणते, मॅनेजर झालीस की गं.

चालताना नवा गुडघा टक् करतो.
डॉक्टर म्हणतात, धातू आणि प्लास्टिक भेटतात, घाबरू नका.
घाबरतोय कोण?
घरात कायतरी चालू आहे एवढं तरी कळतं.

वीस-पंचवीस वर्षं टिकेल, असं सांगितलंय.
तिला एकसष्ट चालू आहे.
मी मनात आकडा मांडला, तिनं तो तोंडावर वाचला.
उरला तर तुमच्या मागाला लावा, म्हणाली.
कुठल्या मागाला, हे मी विचारलं नाही.

काल रात्री ती परत पाणी प्यायला उठली.
डावा, टक्.
उजवा, कोरडा.
मी कूस बदलून झोपल्याचं सोंग घेतलं.